गिरगाव ते गिरणगाव : बदलत्या वस्तीच्या छायाचित्र-दस्तऐवजीकरणातील भिंगांची निवड व फोकसचे तंत्र

प्रस्तावना :

दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा परिसर गेल्या चार दशकांत आमूलाग्र बदलला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात व्यापारी संकुल उभे राहिले. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन २००५ मध्ये विकली गेली व तेथे उत्तुंग इमारत उभी राहिली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांपैकी वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासाचे काम सुरू आहे.

या परिसराचा मौखिक इतिहास मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथामुळे अभ्यासकांसमोर आला. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, भूगोल अशा विविध विभागांतील प्राध्यापक आज विद्यार्थ्यांसह क्षेत्रभेटीला जातात, तेव्हा मुलाखतींच्या जोडीला छायाचित्रेही घेतली जातात. मात्र मुलाखतीत काही विचारावयाचे राहून गेल्यास ती व्यक्ती पुन्हा भेटू शकते. पाडलेली चाळ पुन्हा भेटत नाही. म्हणूनच अस्पष्ट छायाचित्र हा या क्षेत्रात केवळ सौंदर्याचा दोष नसून पुराव्याची हानी होय.

मिररलेस कॅमेऱ्यांचा प्रसार झाला असला, तरी विभागाच्या कपाटात डिजिटल एसएलआर कॅमेरा असल्यास तो या कामास आजही पुरेसा आहे. अशा कॅमेऱ्याचे भिंग कसे निवडावे व फोकस कसा साधावा, याचे विवेचन याच परिसरातील उदाहरणांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. नाभीय अंतर आणि दृश्याची व्याप्ती :

भिंगावर लिहिलेला १८ मिमी, ५० मिमी यांसारखा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर होय. हे अंतर जितके कमी, तितकी दृश्याची व्याप्ती अधिक. तथापि ही व्याप्ती संवेदकाच्या आकारावरही अवलंबून असते. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ × २४ मिमी असतो, तर सर्वसाधारण एसएलआरमधील एपीएस-सी संवेदक सुमारे २३.५ × १५.६ मिमी असतो. त्यामुळे अशा कॅमेऱ्यावरील ५० मिमी भिंग पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावरील ७५ मिमी भिंगाइतकीच व्याप्ती देते.

क्षेत्रभेटीपूर्वी एक साधे सूत्र ध्यानात ठेवावे : दृश्याची रुंदी म्हणजे वस्तूपर्यंतचे अंतर गुणिले संवेदकाची रुंदी भागिले नाभीय अंतर. १० मीटर अंतरावरून १८ मिमी भिंग सुमारे १३ मीटर रुंदीचे दृश्य टिपते, तर ५० मिमी भिंग सुमारे ४.७ मीटर. चाळींमधील अंतर मर्यादित असल्याने हे गणित महत्त्वाचे ठरते.

तळमजला व तीन मजले अशा बीडीडी चाळीसमोर १० मीटरवर उभे राहून कॅमेरा उभा धरला, तरी १८ मिमी भिंगातून डोळ्यांच्या पातळीच्या वर साडेसहा मीटरच दिसतात. खालचा अर्धा भाग बव्हंशी जमिनीत वाया जातो. वरचे मजले घेण्यासाठी कॅमेरा वर कलवला की इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे पडत असल्याचा भास होतो. यावर सोपा उपाय म्हणजे समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून, रहिवाशांची परवानगी घेऊन, कॅमेरा समपातळीत धरून छायाचित्र घेणे. महागड्या भिंगाने जे साधते ते येथे दोन जिने चढल्याने साधते.

२. अंतर, भिंग आणि यथादर्शन :

दूरच्या वस्तू जवळ आणणारे भिंग दृश्य 'दाबते', असे सामान्यतः म्हटले जाते. वास्तविक यथादर्शन हे नाभीय अंतरावर नव्हे, तर छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. गिरणीच्या धुराड्याजवळ उभे राहून १८ मिमी भिंगाने चित्र घेतल्यास धुराडे प्रचंड व मागील नवी इमारत लहान दिसते. अर्धा किलोमीटर दूर जाऊन २०० मिमी भिंगाने चित्र घेतल्यास तीच इमारत धुराड्याच्या अंगावर आल्यासारखी भासते. दोन्ही चित्रे खरी असली, तरी त्यांतून निघणारे विधान भिन्न आहे. म्हणून कोणत्या ठिकाणाहून व कोणत्या नाभीय अंतराने छायाचित्र घेतले याची नोंद संशोधकाने ठेवली पाहिजे. नाभीय अंतर, ॲपर्चर व वेळ कॅमेरा चित्राच्या फाइलमध्ये आपोआप नोंदवतो. उभे राहण्याचे ठिकाण मात्र वहीतच लिहावे लागते.

या शिस्तीचा दाखला याच शहरात सापडतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रदर्शित करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत चित्रित केली होती. कॅमेऱ्याची जागा व चौकट कायम राखल्यामुळेच रोपातील बदल डोळ्यांना दिसू शकला. एखाद्या चाळीचे दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच नाभीय अंतराने छायाचित्र घेणे हे त्याच तत्त्वाचे उपयोजन होय.

३. ॲपर्चर : पार्श्वभूमी हाही पुरावा :

फोकस केलेल्या प्रतलाच्या पुढचा व मागचा जो भाग पुरेसा स्पष्ट दिसतो, त्यास डेप्थ ऑफ फील्ड किंवा स्पष्टतेची खोली म्हणतात. ॲपर्चरचा आकडा लहान असता भिंगाचे छिद्र मोठे असते व ही खोली कमी होते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंगाने २ मीटरवरील व्यक्तीचे छायाचित्र एफ/१.८ ला घेतल्यास ही खोली जेमतेम ११ ते १२ सेंटिमीटर असते. एफ/८ ला ती सुमारे अर्धा मीटर होते.

धूसर पार्श्वभूमीचे व्यक्तिचित्र आकर्षक दिसते, हे खरे. परंतु बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराचे चित्र घेताना मागचा पोटमाळा, मोरी, देव्हारा, भिंतीवरच्या तसबिरी व फळीवरील भांडी हेच त्या घराचे वर्णन असते. ते धूसर करणे म्हणजे मुलाखतीतील उत्तरे खोडून टाकण्यासारखे आहे. अशा वेळी १८ ते २४ मिमी नाभीय अंतर व एफ/८ ॲपर्चर निवडून फोकस व्यक्तीच्या डोळ्यांवर ठेवावा.

१८ मिमी भिंग एफ/८ वर ठेवून फोकस २ मीटरवर केल्यास साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही समाधानकारक स्पष्ट येते. या अंतरास हायपरफोकल अंतर म्हणतात. बीडीडी चाळीतील मधल्या लांब व्हरांड्याचे चित्रण करताना त्याचा विशेष उपयोग होतो. मात्र हे गणित मध्यम आकाराच्या छपाईसाठी आहे. प्रदर्शनासाठी मोठी प्रत काढावयाची असल्यास ॲपर्चर एफ/११ ठेवावे. एफ/१६ वा एफ/२२ पर्यंत जाणे मात्र टाळावे, कारण अतिशय लहान छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन होऊन सर्वच चित्राची तीक्ष्णता घटते.

४. स्वयंचलित फोकस कसा चालतो व कोठे चुकतो :

एसएलआरमध्ये भिंगातून आलेला बराचसा प्रकाश आरशावरून दर्शकाकडे जातो. काही प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-संवेदकाकडे जातो. तेथे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना होते व त्यांतील अंतरावरून भिंग किती व कोणत्या दिशेने फिरवायचे हे कॅमेरा ठरवतो. या पद्धतीस उजेड व छायाप्रकाशातील भेद या दोहोंची गरज असते. कॅमेऱ्याला 'महत्त्वाचे' काय ते कळत नाही. सर्व फोकसबिंदू खुले ठेवल्यास तो बहुधा जवळची व ठळक वस्तू निवडतो.

म्हणूनच गिरगावातील चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आजींऐवजी पुढचा कठडा किंवा दोरीवरचे कपडे स्पष्ट येतात. यासाठी एकच फोकसबिंदू निवडून तो चेहऱ्यावर आणावा. मधला बिंदू बहुधा अधिक संवेदनशील असतो; परंतु एफ/१.८ सारख्या ॲपर्चरला मधल्या बिंदूने फोकस करून मग चौकट हलविल्यास फोकसचे प्रतल सरकते. तेथे चेहऱ्याजवळचाच बिंदू वापरावा. कोऱ्या भिंतीवर वा आकाशावर बिंदू ठेवल्यास भिंग पुढेमागे फिरत राहते. धुराड्याचे चित्र घेताना बिंदू धुराडे व आकाश यांच्या सीमारेषेवर ठेवावा. काही बिंदू केवळ एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. फोकस होत नसल्यास कॅमेरा काटकोनात फिरवून फोकस घ्यावा व पुन्हा पूर्ववत धरावा.

स्थिर वास्तू, शिलालेख, नामफलक व जुनी कागदपत्रे यांसाठी तिपाई व लाइव्ह व्ह्यू ही पद्धत सर्वांत विश्वसनीय आहे. पडद्यावर दृश्य मोठे करून हाताने फोकस करावा. येथे फोकस मुख्य संवेदकावरच पाहिला जात असल्याने आरशाच्या मार्गातील सूक्ष्म त्रुटींचा प्रश्न उरत नाही. तिपाईवर भिंगातील कंपनरोधक यंत्रणा सामान्यतः बंद ठेवावी.

५. उत्सव, गर्दी व गती :

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तर लालबागचा राजा मंडळाची स्थापना १९३४ ची. या उत्सवांचे चित्रण फोकसची खरी परीक्षा घेते. मंडपात आरतीच्या ज्योती व भाविकांचे उंचावलेले हात कॅमेऱ्याचा फोकस स्वतःकडे ओढतात. तेव्हा मूर्तीच्या मुकुटाच्या कडेवर एकच बिंदू ठेवून फोकस घ्यावा व नंतर भिंग हस्तचलित स्थितीत न्यावे. मूर्ती हलत नाही. छायाचित्रकार जागचा हलला नाही तर फोकसही हलणार नाही.

दहीहंडीतही हेच तत्त्व लागू पडते. वरच्या थरावरचा गोविंदा नेमका कोणत्या क्षणी हात उंचावेल हे सांगता येत नाही, परंतु हंडीची जागा ठरलेली असते. हंडीवर आधीच फोकस करून ठेवावा. ५० मिमी भिंग, १५ मीटर अंतर व एफ/५.६ असता स्पष्टतेची खोली साधारण ९ मीटरपासून ४५ मीटरपर्यंत असते. त्यात संपूर्ण थर सामावतात. याउलट कॅमेऱ्याच्या दिशेने येणारे लेझीम व ढोल-ताशा पथक टिपताना सातत्याने फोकस करणारी पद्धत निवडावी व शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा अधिक ठेवावा.

चित्र अस्पष्ट आले, तर आधी कारण शोधावे. पुढची वा मागची दुसरी वस्तू स्पष्ट असेल तर चूक फोकसची आहे. सर्व काही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. भिंत स्पष्ट व माणूस पुसट असेल तर माणूस हलला आहे. पहिल्या दोषावर फोकसबिंदू, तर उरलेल्या दोहोंवर शटरचा वेग हा उपाय होय. कंपनरोधक यंत्रणा हात हलण्याचा दोष कमी करते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे.

६. मुंबईच्या हवेत भिंगांची निगा :

पावसाळ्यातील दमट हवेमुळे भिंगांवर बुरशी धरते व चित्रांचा उठाव कमी होतो. भिंगे चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत व अधूनमधून वापरावीत. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर आल्यास काचेवर बाष्प धरते. निघण्याच्या अर्धा तास आधी कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर ठेवल्यास ते टळते.

निष्कर्ष :

भिंगाची निवड व फोकस या केवळ तांत्रिक बाबी नाहीत. काय चौकटीत घ्यावे, काय स्पष्ट ठेवावे आणि काय धूसर होऊ द्यावे, हा प्रत्येक वेळी पुराव्याविषयीचा निर्णय असतो. हा निर्णय कॅमेऱ्यावर सोपविल्यास तो जवळचा कठडा निवडतो. अभ्यासकाने घेतल्यास कठड्यामागची माणसे व त्यांचे घर चित्रात उरते. म्हणून क्षेत्रभेटीत प्रत्येक महत्त्वाचे चित्र घेतल्यावर ते पडद्यावर मोठे करून तेथेच तपासावे व गरज भासल्यास लगेच दुसरे घ्यावे. विभागात परतल्यावर दोष लक्षात आला, तर कदाचित ती खोली रिकामी झालेली असेल आणि पुढील वर्षी ती इमारतही नसेल.