दुबार नोंदी मोजायला किती डिंभे लागतील?

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. कागदोपत्री नाव हुतात्मा बाबू गेनू सागर, पण पंचक्रोशीत सगळे डिंभेच म्हणतात. उपयुक्त साठा साधारण साडेबारा टीएमसी. एका टीएमसीत २,८३२ कोटी लिटर पाणी मावतं, म्हणजे धरण भरलं की ३५,४०० कोटी लिटर. आता एका लिटरचे वीस हजार थेंब धरा आणि करा गुणाकार. ७,०८० लाख कोटी थेंब! एकं, दहं, शतं म्हणत निघालात तर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी एवढी सगळी स्थानकं मागे टाकून गाडी 'अंत्य'वर थांबते. सात अंत्य थेंब. हा आकडा गाठीला बांधून ठेवा. कारण आज आपल्याला पाणी मोजायचं नाही, संगणकांच्या यादीतल्या दुबार नोंदी मोजायच्या आहेत, आणि त्यासाठी दुसरं कुठलंच माप पुरणार नाही.

दुबार नोंद होते कशी? अगदी सहज. शाळेत एक लॅपटॉप आला. वायरने जोडला तेव्हा यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याची नोंद घेतली. महिन्याने तोच वायफायवर आला. वायरच्या जोडणीचा मॅक क्रमांक, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, वेगळा आणि वायफायचा वेगळा, त्यामुळे दुसरी नोंद. मग कुणीतरी फॉरमॅट मारून त्याला नवं नाव दिलं, तिसरी नोंद. जडवस्तू संग्रह नोंदवहीत लॅपटॉप एक, संगणकाच्या यादीत तीन!

आता हे शोधायचं कसं? भाबडा उपाय असा, की प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशेजारी ठेवून बघायची. एक जोडी तपासली की एक थेंब पाणी भांड्यात टाकायचं. चला, थेंब टाकायला घेऊ.

कुकडी प्रकल्पाची धरणं पाच: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. पाच नोंदींच्या जोड्या दहा. दहा थेंब म्हणजे तळहातही नीट ओला होत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही अजस्र रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथे तर जोड्या लावणं हेच काम, प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहतात. तीस तबकड्या, ४३५ जोड्या. आपल्या मापात चहाचे चार चमचे.

शंभर संगणक? ४,९५० जोड्या, पाव लिटर, एक पेलाभर. हजार संगणक? दहापट नव्हे, शंभरपट! ४,९९,५०० जोड्या, २५ लिटर, एक मोठा हंडा. दहा हजारांना अडीच हजार लिटर, म्हणजे गच्चीवरची भली मोठी टाकी. आणि लाखाला? महाराष्ट्रात शाळा लाखाहून जास्त आहेत. प्रत्येकीने फक्त एक, एकच संगणक नोंदवला असं समजा. जोड्या ५०० कोटी! थेंबाथेंबाने अडीच लाख लिटर, म्हणजे वीस फूट व्यासाची, तीस फूट खोल विहीर जवळजवळ काठोकाठ. शाळेमागे एक संगणक आणि अख्खी विहीर भरली.

हीच गोष्ट कागदावर करायची म्हटली आणि जोडीमागे एक ए-फोर पान लावलं, तर ती पानं उभी ओळीने मांडल्यावर पावणेपंधरा लाख किलोमीटर भरतात. डेक्कन क्वीन रोज मुंबई-पुणे जाऊन-येऊन ३८४ किलोमीटर धावते. तिला एवढं अंतर कापायला साडेदहा वर्षं लागतील, आणि तेही एकही फेरी रद्द न होता. घाटातले पावसाळे ज्यांनी पाहिलेत ते हसतील.

आणखी मोठी यादी घेऊ. विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत राज्यात मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. दुबार मतदार हा शब्द तर आपल्याकडे आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. या यादीत प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडायचं म्हटलं तर जोड्या किती? ४,७०० लाख कोटी! जोडीमागे एक रुपया दिला तर? केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. असे ९३ वर्षांचे अर्थसंकल्प एका यादीच्या तपासणीत खलास. जोडीमागे एक सेकंद दिला तर पंधरा कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाने घडवला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तपासनिसाला सह्याद्री जन्मायच्या कितीतरी आधी कामाला बसावं लागलं असतं. बरं, माणूस नको, सेकंदाला दहा लाख जोड्या तपासणारं यंत्र बसवू. १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, त्याच क्षणी ते चालू केलं असतं तरी काम संपायला २००२ साल उजाडलं असतं. आणि थेंब? डिंभे ६६ टक्के भरलं!

अर्थात एवढा गाढवपणा कुणी करत नाही. युक्ती साधी आहे: आधी गट पाडा. आंबेगावची शाळा आंबेगावच्या शाळांशीच ताडा, तिची गाठ गडचिरोलीशी कशाला घालायची? राज्यात ३५८ तालुके. लाख संगणक तालुक्यांत सारखे वाटले की एका गटात २८० च्या आत-बाहेर उरतात आणि सगळ्या जोड्या मिळून होतात १ कोटी ३९ लाख. विहिरीची साडेतीन पिंपं झाली. याद्या अनुक्रमाने लावून घेतल्या तर काम सतरा लाख तुलनांच्या घरात येतं, म्हणजे ८५ लिटर. आणि प्रत्येक नोंदीचा एक ठसा काढून ठरलेल्या खणात टाकायचा, हॅश म्हणतात त्याला, ते केलं तर लाख नोंदींना जेमतेम लाखभर नजरा पुरतात. पाच लिटर! सकाळी विहीर होती, दुपारपर्यंत तिचा कॅन झाला. हे आतून कसं चालतं ते संगणकवाल्यांवर सोपवू. आपण नुसतं डोळे विस्फारून पाहू.

पण ही जादू चालते ती दोन नोंदी अक्षर न् अक्षर सारख्या असतील तरच. आणि आपण लिहितो कसं? 'डिंभे' हे साधं नाव रोमन लिपीत घाला. सुरुवातीला नुसता डी किंवा डी-एच. पुढे एक आय किंवा दोन ई. अनुस्वाराला एम किंवा एन. मग बी किंवा बी-एच. शेवटी ई, ई-वाय किंवा ए-वाय. झाले ४८ प्रकार. शिवाय हे डिंभे बुद्रुक, आणि बुद्रुक लिहायच्या निदान पाच तऱ्हा प्रत्येक कचेरीत सापडतील. ४८ गुणिले ५, एका गावाची २४० रूपं, आणि त्यांच्या आपसांत २८,६८० जोड्या. एका गावाच्या नुसत्या नावातून दीड लिटर पाणी निघालं!

मग सॉफ्टवेअर जरा शहाणं करावं, थोडा फरक चालवून घ्यायला शिकवावं, तर दुसरं संकट दारात उभं. कारण नदीखोऱ्यात डिंभे बुद्रुक आहे तसं डिंभे खुर्दही आहे. अवसरी बुद्रुक आहे आणि अवसरी खुर्द आहे. पिंपळगाव तर या दोन तालुक्यांत किती! फार शहाणं सॉफ्टवेअर दोन जिवंत गावं एकात एक मिसळून मोकळं होईल, आणि मला विचाराल तर एक नोंद दोनदा असण्यापेक्षा दोन खऱ्या नोंदींची एक होणं जास्त वाईट. दुबार नोंद निदान दिसते तरी, पुसलेली कुठे शोधणार?

आता या चुकीचा हिशोब करू. समजा यंत्र इतकं हुशार आहे की दहा लाख जोड्यांत एकदाच चुकतं. असा कारकून मिळाला तर त्याचा सत्कार करावा! शाळांच्या ५०० कोटी जोड्यांत त्याच्या चुका पाच हजार. मतदार यादीत? ४७० कोटी. मतदार पावणेदहा कोटी, खोटे संशय ४७० कोटी! प्रत्येक मतदारावर सरासरी ९७ वेळा दुबार असल्याचा आळ.

म्हणून तर आधारवाल्यांनी बोटं आणि बुबुळं घेतली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं वाटली गेली. पहिल्या माणसाला ताडायला कुणीच नव्हतं. दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. असं करत करत आधार क्रमांक १४० कोटींच्या पुढे गेले. येणारा प्रत्येक माणूस आधीच्या सगळ्यांशी ताडायचा, तर एकूण जोड्या पावणेदहा परार्ध. परार्ध! आपल्या एकं, दहं, शतंमधलं ते शेवटचं स्थानक, त्यापुढे रूळच नाहीत. थेंबांत मोजलं तर १३८ डिंभे. त्यात दहा बोटं आणि दोन बुबुळं असे बारा पुरावे, त्यांचा गुणाकार केला की १,६६० डिंभे. जवळपास दोनशे कोयना धरणं काठोकाठ, एकेक थेंब मोजून!

एवढ्या जोड्या टाळायला सरळ प्रत्येक संगणकाला जन्मतःच स्वतःचा वेगळा क्रमांक दिला तर? दिलेला आहे. मदरबोर्डवर १२८ बिटांचा ओळखक्रमांक असतो, यूयूआयडी. असे वेगवेगळे क्रमांक किती होऊ शकतात? ३४ लिहा आणि पुढे ३७ शून्यं काढा. परार्ध गुणिले परार्ध केलं तरी ३४ हजारपट उरतं. डिंभ्यात जायचं का पुन्हा? सात अंत्य थेंबांतला प्रत्येक थेंब फुगून एक अख्खं डिंभे झालं असं समजा. त्या प्रत्येक डिंभ्यात पुन्हा सात अंत्य थेंब. आता त्यांतल्या एकेका थेंबाला क्रमांक वाटत सुटा. प्रत्येकाच्या वाट्याला ६८ लाख येतील!

वर्गात २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, कारण मुलं २३ असली तरी जोड्या २५३. पण हे क्रमांक चिठ्ठ्या काढून वाटले तर कुठेतरी दोन सारखे निघण्याची तशी निम्मी शक्यता यायला तीन हजारांहून जास्त डिंभे धरणांतल्या थेंबांइतके संगणक लागतील. पृथ्वीवर तेवढे ठेवायला जागा नाही.

तरीही दुबार निघतात. आणि हजारोंनी निघतात! कारण काही स्वस्त मदरबोर्डांवर तो क्रमांक कुणी भरतच नाही. नमुन्यातलाच राहतो: ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. आकड्यांचे असे सागर हाताशी असताना कारखान्यात कुणीतरी नमुना तसाच पुढे ढकलला. असे हजार संगणक एका यादीत आले की यंत्राच्या लेखी तो एकच संगणक, आणि ४,९९,५०० खोट्या जोड्या. ओसीएस इन्व्हेंटरीसारखी सॉफ्टवेअर अशा कामचुकार ओळखींसाठी काळी यादी ठेवतात, मॅक क्रमांकांची आणि अनुक्रमांकांची. तेव्हा तो यूयूआयडी सोडून द्या आणि संगणक त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखा, असं कुणीही सांगेल. म्हणून अनुक्रमांकाचा रकाना उघडावा, तर त्या हजारही संगणकांवर तिथे एकच मजकूर असू शकतो: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे, उत्पादकाने भरावे.