पॉवरचेअर फुटबॉल: आधी बसणं, मग वेग

आजचा विषय पॉवरचेअर फुटबॉल. म्हणजे इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर बसून, जॉयस्टिक फिरवत खेळायचा फुटबॉल. हाताने चाक ढकलायची ताकद नसली तरी हा खेळता येतो. याचा पहिला वर्ल्ड कप 2007 मध्ये टोकियोत झाला.

बास्केटबॉल कोर्टवर दोन्हीकडून चार-चार जण, 20-20 मिनिटांचे दोन हाफ. बॉल 33 सेंटिमीटर व्यासाचा, नेहमीच्या फुटबॉलपेक्षा बराच मोठा. चेअर गर्रकन फिरवली की पुढच्या गार्डचा फटका बॉलला बसतो. हीच किक!

आता चेअर कशी निवडायची? 'जास्त स्पीडवाली द्या' असं म्हणू नका. नियमाने कमाल वेग ताशी 10 किलोमीटरच. पैसे घाला ते बसण्यावर. टक्कर झाली आणि अंग कललं, तर हात जॉयस्टिकवरून सुटतो. म्हणून आधी कमरेचा पट्टा, पाठीला आधार आणि गरज असेल तर डोक्यालाही. हे ठरवताना फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या. मग बघा, चेअर जागच्या जागी किती पटकन वळते. तिसरं, पायांना पुरता आडोसा देणारा मजबूत गार्ड.

करावे, सीवूड्सच्या दोस्तांनो, रोजच्या चेअरला गार्ड लावूनही सराव सुरू करता येईल. पण आदळआपटीत तीच बिघडली, तर उद्या कॉलेजला जाणार कशावर? म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवा, टक्कर टाळा. आणि हॉल बघताना आधी दार बघा: पायरी आहे की रॅम्प?