कर निम्मा, संताप दुप्पट

सप्तवार्षिक युद्ध (१७५६-६३) ब्रिटनने जिंकले खरे, पण राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटींवर गेले. शिवाय अमेरिकेतल्या वसाहतींत कायमची फौज ठेवायची होती. तिचा खर्च कोण देणार? पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांची नजर वसाहतींच्या जकातीकडे वळली.

तिथे आनंदच होता. परदेशी मळीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स कर होता, पण तो भरतो कोण! बोस्टनच्या रम-भट्ट्यांना फ्रेंच कॅरिबियन बेटांवरची स्वस्त मळी लागे. जकातदाराचा हात ओला केला की पिंपे बिनबोभाट उतरत. जकात खात्याचा खर्च वसुलीपेक्षा जास्त होता.

१७६४ च्या ‘शुगर अ‍ॅक्ट’ने कर ३ पेन्सवर आणला, मात्र वसुली कडक केली. जहाजावरच्या मालाची तपशीलवार कागदपत्रे व जामीनखत सक्तीचे झाले. जप्तीच्या मालात पकडणाऱ्याला वाटा मिळे. खटला दूर नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सच्या नाविक न्यायालयातही नेता येई. तिथे ज्यूरी नसे आणि माल कायदेशीर असल्याचे मालकालाच सिद्ध करावे लागे. व्यापाऱ्यांना खरे झोंबले ते हे. पैशांचा प्रश्न त्यामानाने लहान होता.

पुढच्याच वर्षी कागदपत्रांवर मुद्रांक-कर लावणारा ‘स्टॅम्प अ‍ॅक्ट’ आला आणि वसाहती पेटल्या. १७६६ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी मळीवरचा कर १ पेनीवर आला, पण आता ब्रिटिश मळीलाही तो लागू झाला. वसुली मात्र याच करातून चांगली झाली.