औषधाची गोळी आणि प्रयोगाची रचना

औषधाची गोळी आपण तळहातावर घेतो, पाण्याच्या घोटाबरोबर गिळतो आणि विसरून जातो. त्या गोळीत औषध किती आणि इतर पदार्थ किती, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः पुष्कळ गोळ्यांमध्ये खरे औषध थोडेच असते. गोळी हातात धरण्याइतकी मोठी व्हावी म्हणून तीत दुग्धशर्करेसारखा भरीचा पदार्थ घालावा लागतो. कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून खळीसारखा एखादा बांधणारा पदार्थ लागतो. पोटात गेल्यावर ती फुटावी म्हणून पाण्याने फुगणारा पदार्थ लागतो, आणि यंत्राच्या साच्याला ती चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेटसारखे वंगण चिमूटभर मिसळावे लागते. हे पदार्थ रोग बरा करीत नाहीत. तेव्हा त्यांच्याविषयी फारशी चिकित्सा कशाला करावी, असे कोणासही वाटेल.

या समजुतीची किंमत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरातील काही रुग्णांना मोजावी लागली. १९६८ च्या सुमारास तेथे फेफऱ्याच्या विकारावर फेनिटॉइन हे औषध नियमाने घेणाऱ्या रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसू लागली. चालताना तोल जाऊ लागला. औषधाची मात्रा कोणी वाढविली नव्हती. शोध घेता असे आढळले की, कॅप्सूलमधील भरीचा पदार्थ तेवढा बदलला होता. पूर्वी कॅल्शियम सल्फेट असे. त्याच्या जागी दुग्धशर्करा आली होती. कॅल्शियमचा तो क्षार औषधाचा काही अंश रक्तात जाऊ देत नसे. दुग्धशर्करेने तो अडसर दूर केला. वेष्टनावरची मात्रा तीच राहिली, पण रक्तातली मात्रा वाढली. ज्याला आपण निरुपद्रवी भर समजत होतो, तिचेही औषधाशी नाते असते, हा धडा यातून मिळाला.

मग ही नाती शोधावयाची कशी? शाळेतील विज्ञानाच्या तासापासून आपल्याला एक नियम शिकविलेला असतो : एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या सर्व स्थिर ठेवा, म्हणजे कशाचा परिणाम काय झाला ते कळेल. नियम शहाणपणाचा वाटतो. परंतु औषधसंशोधनात तो अनेकदा फसवितो. तो कसा, हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

एका संशोधकाला गोळीतील वंगणाचे प्रमाण आणि ते मिसळण्याचा वेळ ठरवावयाचा आहे. वंगण कमी आणि मिसळण्याचा वेळही कमी, असे ठेवले असता गोळीतील शेकडा ९० भाग औषध अर्ध्या तासात पाण्यात विरघळते. त्याने केवळ वंगण वाढविले. आकडा ८६ वर आला. मग वंगण पूर्ववत करून केवळ मिसळण्याचा वेळ वाढविला, पुन्हा ८६. दोन्ही बदलांचे नुकसान चार-चारच आहे. अर्थात दोन्ही एकदम केले तरी ८२ भाग औषध विरघळेल, असा हिशेब करून तो निश्चिंत होतो. कारखान्यात मोठ्या यंत्रावर गोळ्या चिकटू लागतात म्हणून वंगण वाढवितात, मोठा घाणा असल्यामुळे मिश्रणालाही वेळ अधिक लागतो. आणि प्रत्यक्षात आकडा येतो ५८!

आकडे कल्पित असले तरी घटना कल्पित नाही. मॅग्नेशियम स्टिअरेट हे पाण्याला दूर ठेवणारे द्रव्य आहे. ते बेताने मिसळले तर कणांमध्ये नुसते विखुरते. फार वेळ घोळले तर प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर बसतो. मग पाणी आत शिरत नाही, कण एकमेकांना नीट धरीत नाहीत. म्हणजे वंगणाचा परिणाम किती होईल, हे मिसळण्याच्या वेळावर अवलंबून असते. दोन घटक एकत्र आले असता दोघांच्या बेरजेहून निराळेच काही घडते. यालाच संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. आमटीतील मीठ आणि आंबट यांचा मेळ ज्या गृहिणीला साधतो, तिला ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. पण जो एका वेळी एकच घटक बदलतो, त्याला ती कधीच दिसत नाही. कारण दोन घटक एकत्र बदललेला प्रयोग त्याने केलेलाच नसतो.

या जुन्या नियमाला स्पष्ट शब्दांत आव्हान देणारा शास्त्रज्ञ औषधशाळेतला नव्हता. तो शेतावर काम करीत होता. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रात १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ साली तेथे रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती आला आणि साठलेल्या आकड्यांचे ढीग तपासू लागला. त्याला आढळले की, प्रयोगच नीट आखलेला नसेल तर मागाहून कितीही गणित केले तरी उत्तर निघत नाही. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हा उपदेश त्याने १९२६ साली खोडून काढला. पुष्कळ प्रश्न एकत्र, परंतु शिस्तीने विचारले तरच निसर्ग नीट उत्तर देतो, असे त्याचे म्हणणे होते. ‘प्रयोगांची रचना’ या विषयावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १९३५ साली निघाला.

फिशरची युक्ती सोपी आहे. वंगण, मिसळण्याचा वेळ आणि गोळी दाबण्याचा जोर असे तीन घटक घ्या. प्रत्येकाची कमी आणि अधिक अशी दोनच मापे ठरवा. त्यांच्या एकंदर आठ जोडण्या होतात. त्या आठही करून पाहा. आता वंगणाचा परिणाम काढावयाचा तर वंगण कमी असलेल्या चार प्रयोगांची सरासरी आणि अधिक असलेल्या चारांची सरासरी यांची तुलना करावयाची. तेच आठ आकडे दुसऱ्या रीतीने विभागले की मिसळण्याच्या वेळाचा परिणाम मिळतो, तिसऱ्या रीतीने विभागले की दाबाचा. प्रत्येक प्रयोग तिन्ही प्रश्नांची चाकरी करतो, शिवाय आंतरक्रियाही उघड करतो. एकेक घटक बदलण्याच्या जुन्या पद्धतीने तितकाच भरवशाचा निष्कर्ष हवा असेल तर मूळ स्थितीचे चार आणि प्रत्येक बदलाचे चार असे सोळा प्रयोग करावे लागतील. आणि एवढे करूनही आंतरक्रिया झाकलेलीच राहील.

घटक सात झाले तर मात्र जोडण्या १२८ होतात. इतके प्रयोग करावयास औषधही पुरत नाही आणि आयुष्यही. तेव्हा त्यांतील निवडक जोडण्याच घ्याव्यात, पण अशा की, प्रत्येक घटकाला समतोल संधी मिळेल, असा विचार पुढे आला. इंग्लंडमध्ये प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ साली बारा प्रयोगांत अकरा घटक चाळून पाहण्याची रचना दिली. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सी. आर. राव यांनी अशा समतोल मांडण्यांचे व्यापक गणित सिद्ध केले. आज जगभरच्या कारखान्यांत त्याचा उपयोग होतो. त्याआधी १९३८ साली कलकत्त्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना फिशरनेच बजावले होते की, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे धाव घेणे म्हणजे बहुधा मृताची उत्तरीय तपासणी करविण्यासारखे आहे. तो फार तर मरणाचे कारण सांगू शकेल. हे शास्त्र शेतीच्या क्षेत्रात आपल्या देशात रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे ही मराठी नावे अग्रगण्य आहेत. शेतकी संशोधकांसाठी त्या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

अर्थात निवडक प्रयोगांची ही काटकसर फुकट मिळत नाही. प्रयोग कमी केले की काही परिणाम एकमेकांत मिसळतात. दिसलेला फरक एका घटकाचा की दुसऱ्या दोघांच्या आंतरक्रियेचा, हे सांगता येत नाही. कोणते मिसळू द्यावेत आणि कोणते नाही, हे गणित ठरवीत नाही. औषधांचा जाणकार ठरवितो. म्हणून प्रथम थोडक्या प्रयोगांनी महत्त्वाचे दोनतीन घटक निवडावेत आणि मग त्यांचा बारकाईने शोध घ्यावा, असा क्रम पडला आहे. हा दुसरा टप्पा जॉर्ज बॉक्स आणि के. बी. विल्सन यांनी १९५१ साली एका रासायनिक उद्योगातील अनुभवावरून सिद्ध केला. धुक्यात सह्याद्रीचा कडा चढणाऱ्याला शिखर दिसत नाही. पण पायाखालचा चढ कोणत्या बाजूला आहे ते कळते. त्या दिशेने तो चार पावले टाकतो, पुन्हा चाचपतो. संशोधकही असाच थोडे प्रयोग करून चढाची दिशा काढतो आणि उत्तम मिश्रणाकडे सरकतो.

रचनेचे दुसरे अंग याहूनही महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याला ठाऊक असते की, बांधाकडची जमीन आणि ओढ्याकडची जमीन सारखी नसते. सगळे नवे खत ओढ्याकडे टाकले तर पीक कशाने वाढले? औषधशाळेतही असे ओढे असतात. सकाळी यंत्र थंड असते, दुपारी तापते. पावसाळ्यात हवेतला ओलावा चूर्णात उतरतो. काम करणाऱ्याचा हात संध्याकाळी थकतो. आठ प्रयोगांपैकी कमी वंगणाचे चार सकाळी आणि अधिक वंगणाचे चार दुपारी केले, तर मिळालेला फरक वंगणाचा की उन्हाचा? म्हणून प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. काम दोन दिवस चालणार असेल तर दोन्ही दिवसांत सर्व मापांची समान वाटणी करावी. आणि शक्य तेथे प्रयोग पुन्हा करून पाहावा. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत त्यांची वाटणी करता येते. ज्या ठाऊकच नाहीत त्यांच्यापासून चिठ्ठीच आपले रक्षण करते.

गोळीपेक्षा माणसाच्या बाबतीत ही चिठ्ठी अधिक मोलाची ठरते, कारण तेथे डॉक्टरच्या मनातील करुणाही निष्कर्षाला नकळत वळण देते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध नवे होते तेव्हा ब्रिटनमध्ये त्याचा साठा अगदी अपुरा होता. वैद्यकीय संशोधन मंडळाने ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीप्रमाणे १०७ रुग्णांची चिठ्ठीच्या तत्त्वाने वाटणी केली. ५५ जणांना विश्रांतीबरोबर ते औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील चार आणि दुसऱ्यातील चौदा रुग्ण दगावले. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. औषध सर्वांना पुरणारच नव्हते. त्या टंचाईतूनच निःसंदिग्ध ज्ञान मिळविता आले.

आणि हीच पद्धत लवकरच भारतात आली. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधनकेंद्र सुरू झाले. प्रश्न गंभीर होता. देशात क्षयाचे रुग्ण असंख्य आणि इस्पितळांतील खाटा मोजक्या. क्षयी माणसाला आरोग्यधामातील विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न हवेच, अशी सर्वत्र श्रद्धा होती. तसे असेल तर बहुसंख्य गरिबांना आशाच नव्हती. केंद्राने दाटीवाटीच्या वस्तीतील १९३ रुग्ण घेतले आणि कोणी आरोग्यधामात जावे व कोणी घरीच औषध घ्यावे, हे चिठ्ठीवर सोपविले. डॉक्टरांच्या मर्जीने वाटणी झाली असती तर अधिक आजारी माणसे आरोग्यधामात गेली असती आणि तुलनाच बिघडली असती. औषधे दोन्हीकडे तीच, मुदत एक वर्षाची. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाला : अपुरे अन्न आणि अपुरी जागा असूनही घरी राहिलेल्यांना जवळजवळ तितकाच गुण आला होता, त्यांच्या घरातील माणसांना आरोग्यधामातील रुग्णांच्या कुटुंबीयांहून अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. क्षयाचा उपचार खाटेवाचून करता येतो, हे जगाने मान्य केले ते प्रामुख्याने या आखीव प्रयोगामुळे.

आज औषधाच्या कारखान्यांतही हा विचार नियमांत उतरला आहे. २००५ साली निघालेल्या आणि २००९ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी असे सुचविले आहे की, तयार गोळी तपासून गुणवत्ता येत नसते. ती मुळातच आखून घडवावी लागते. कोणता घटक कोणत्या मर्यादेत फिरला तरी औषध बिघडत नाही, याचा नकाशा उत्पादकाने आधीच रचलेल्या प्रयोगांनी काढावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. भरीचा पदार्थ बदलताना असा नकाशा हाताशी असला, तर ब्रिस्बेनसारखा अडसर रुग्णाच्या आधी संशोधकाला दिसण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

प्रयोगशाळेत केलेली घाई शेवटी कोणाच्या तरी शरीरात उतरते. प्रयोगाला बसण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन घालविलेला एक दिवस हा संशोधकाचा आळस नव्हे. ज्याचे नावही त्याला कधी कळणार नाही, अशा रुग्णाविषयीचे ते त्याचे पहिले कर्तव्य आहे.