आंग्र्यांचे खलाशी आणि रंगभूमीवरील चांचे

आंग्र्यांच्या आरमाराचा प्रवेश बसवितांना खलाशांच्या खांद्यावर पोपट ठेवण्याची हौस बिरवाडीच्या बालनटांसहि होते. आम्हांस ती योग्य वाटत नाहीं. एका पायाचा, पोपट बाळगणारा चांचा १८८३ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' कादंबरींतला आहे. कान्होजी आंग्रे तर १७२९ सालींच निवर्तले. ते मराठी राज्याचे सरखेल होते. त्यांचें दस्तक न घेणारीं इंग्रजांचीं जहाजें ते धरीत, म्हणून इंग्रजांनीं त्यांस चांचा ठरविलें. त्यांच्या कोळी-भंडारी खलाशांस मुंडासें, आखूड धोतर, ढाल-तलवार आणि तोड्याची बंदूक एवढा वेष पुरे. परकी पोशाख चढविला, कीं शत्रूचा आरोप आपणच खरा केल्यासारखें होतें. वेष हीहि साक्षच होय. ती खोटी देऊं नये.