गाडी उचलायचीय? आधी खाली वाकून बघा!

गाडीचं मॉडिफिकेशन म्हणजे स्टिकर, अलॉय व्हील आणि कानठळ्या बसवणारी म्युझिक सिस्टम, असं तुम्ही समजत असाल तर बॉस, तुम्ही पिकअपवाल्यांना भेटलेला नाहीत! २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली आणि आयटीतल्या मंडळींच्या पार्किंगमध्ये मागे हौदा असलेल्या दांडग्या गाड्या दिसू लागल्या. गाडी आधीच उंच, पण मालकाला ती आणखी उंच हवी असते.

यातला सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच लाडका उपाय म्हणजे मागचा लिफ्ट ब्लॉक. ट्रकसारखेच या गाड्यांना मागे पाटे असतात. पाट्यांचा जुडगा ॲक्सलवर टेकतो आणि यू-बोल्ट त्याला आवळून धरतात. या दोघांच्या मध्ये एक धातूचा ठोकळा सरकवला की गाडी मागून तेवढी वर. वाटतं तेवढं सोपं? मलाही वाटलं होतं.

माझ्या एका मित्राने सेकंडहँड व्ही-क्रॉस घेतली, आधीच्या मालकाने लिफ्ट केलेली. बायको आणि चार वर्षांची लेक घेऊन घाट उतरताना ब्रेक दाबला की मागून ‘धप्प’ असा आवाज यायचा. नाना पेठेत पार्ट शोधत हिंडताना एका मिस्त्रींचा पत्ता मिळाला. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. “साहेब, इथं ठोकळ्यावर ठोकळा ठेवलाय. फॅमिली घेऊन फिरता ना यात?”

मित्राचा चेहरा खर्रकन उतरला. ब्लॉक जितका उंच, तितकी ॲक्सलला पाटे पिळायला लांब दांडी मिळते. ब्रेक मारताना, चढावर जोर लावताना ॲक्सल गोल फिरू पाहतो आणि पाटे ‘एस’सारखे वळतात. त्यात ठोकळे दोन असतील तर मधला सांधा सरकू शकतो. ठोकळा निसटला की ॲक्सल जागेवर राहत नाही, मग स्टिअरिंग हातात असून काय उपयोग?

तरी उंची सोडवेना. “मग एकच बसवा, पण नीट,” मित्र म्हणाला. नीट म्हणजे काय, ते मी स्टुलावर बसून तीन तास पाहिलं. पुढच्या चाकांना अडसर. चासी स्टँडवर, ॲक्सलखाली वेगळा जॅक. शॉकअपचा खालचा बोल्ट मोकळा. एका वेळी एकच बाजू, नाहीतर ॲक्सल घरंगळतो. जॅक उतरवताना मिस्त्रींचा एक डोळा ब्रेकच्या होजवर, एबीएसच्या वायरवर, हँडब्रेकच्या केबलवर. ताण दिसला की थांब! पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात आणि ब्लॉकची पिन ॲक्सलवरच्या भोकात बसलीच पाहिजे. ब्लॉक उतरता असेल तर जाड बाजू मागे, प्रॉपेलर शाफ्टचा कोन सांभाळायला. यू-बोल्ट लांब आणि कोरे करकरीत. “एकदा आवळलेला बोल्ट ताणलेला असतो ताई, तो परत घालायचा नाही.” नट तिरपे, आलटूनपालटून आवळायचे आणि शेवटी गाडी चाकांवर उतरवून टॉर्क पान्याने पक्के करायचे.

आणखी एक भानगड. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर हौद्यातल्या वजनावर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. ठोकळा घातला की त्याला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि तो मागचा ब्रेक ढिला करतो. तो जुळवून घेतला नाही तर माल भरल्यावर गाडी थांबायला वेळ लावणार.

बरं, एवढा खटाटोप करून मिळतं काय? डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो! तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. वजन पेलायची ताकदही वाढत नाही. वाढतो तो गुरुत्वमध्य, म्हणजे वळणावर जास्त झुकणं. थोडक्यात, निम्मा मामला लुकचा आहे.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात असे मनमानी बदल करू देत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं निमित्त.

“मूळ उंचीवर आण गाडी,” मी म्हटलं.

“अगं, सगळेच करतात.”

“सगळ्यांच्या मागच्या सीटवर तुझी लेक नसते.”

तो काही बोलला नाही. मिस्त्रींनी बिलामागे लिहून दिलं : ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळणे. पैसे देताना मित्राने हळूच विचारलं, “ब्लॉक काढून मूळ मापाचे यू-बोल्ट टाकायचे म्हटलं, तर किती वेळ लागेल?”

“नट आवळायला याल ना, तेव्हा सांगा,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “बोल्ट मी आणून ठेवतो.”