जुन्या संगणकाची पुष्पिका

घरांत एखादी जुनी हस्तलिखित पोथी सांपडली, तर सुज्ञ मनुष्य ती रद्दींत घालीत नाहीं. शेवटचें पान उलटून लेखकाचें नांव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका आधीं वाचतो. माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याच्या हवालीं करतांना मात्र आपला हात क्षणभरहि अडखळत नाहीं. आम्हीहि हाच प्रमाद करणार होतों.

आमच्या थोरल्या बंधूंनीं १९९२ सालीं ३८६ जातीचा एक संगणक घेतला होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड त्यांत बसविलेलें असल्यामुळें डॉसच्या त्या काळींहि पडद्यावर देवनागरी उमटे. त्यावर बंधूंनीं आमच्या कुलवृत्तांताचीं टिपणें केलीं. छापील ग्रंथांत जागेअभावीं सुनांचीं माहेरचीं नांवें गळलीं. तीं केवळ या यंत्रांत राहिलीं. बंधु आज हयात नाहींत.

यंत्र खालीं उतरविल्यावर लगेच वीज जोडून पाहण्याचा आम्हांस मोह झाला. नातवानें तो आवरला व आधीं पेटी उघडली. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर घड्याळ व यंत्राची जुळणी स्मरणांत ठेवण्यासाठीं ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी कायमची जडविलेली असे. कालांतरानें ती पाझरते, आणि तिच्यांतील क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. आमच्या यंत्रांतहि तेथें हिरवीं पुटें चढलीं होतीं.

तरी नातवानें प्रथम वही घेतली. प्रत्येक कार्डाची जागा, तारांची दिशा, आणि हार्ड डिस्कच्या चिठ्ठीवरील सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आंकडे उतरून घेतले, छायाचित्रें काढलीं. बॅटरी मेली कीं यंत्र हे आंकडे विसरतें, व ते पुन्हां हातानें भरावे लागतात. मग बॅटरी कापून काढली, क्षारावर उतारा म्हणून व्हिनेगर लावलें, आणि बोर्ड धुऊन वाळविला.

डिस्क सुटी करून, तिच्यावर नवें कांहीं लिहिलें जाणार नाहीं अशा बेतानें तिची संपूर्ण नक्कल घेतली. परंतु आजच्या संगणकावर नांवांऐवजीं निरर्थक चिन्हें दिसलीं! भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रमाण ठरविलेल्या इस्की पद्धतीच्याच कुळांतले ते अक्षरांक होते. आजच्या युनिकोडचे अंक निराळे. अंकास अंक जुळवून नातवानें कोष्टक तयार केलें, तेव्हां कोठें नांवें वाचतां येऊं लागलीं.

डिस्कचे कांहीं भाग वाचतां आलेच नाहींत. एका शाखेच्या तीन पिढ्या अद्यापि कोऱ्या आहेत. पण आमच्या पणजीचें माहेरचें नांव, जें घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें, तें मिळालें.

वाचकांच्या माळ्यावर असें एखादें यंत्र असेल, तर वीज जोडण्यापूर्वीं वही उघडावी. यंत्रांत काय काय आहे, तें कोणीं, केव्हां व कशासाठीं घेतलें, हें माहितगार मंडळी हयात आहेत तोंवरच लिहून ठेवावें. आम्हीं आमच्या यंत्राची पुष्पिका लिहून पेटींत ठेविली आहे. तींत बंधूंच्या नांवाखालीं पणजीचें माहेरचें नांव आहे.